धाकटीसाठी घेतलेला कॅमेरा

जिवंत बाईच्या फोटोला हार पडला, आणि तो फोटो माझ्या हातचा होता. शिरूर कासारपासून चार कोसांवर एक वस्ती आहे, तिथं हे घडलं. त्या लोकांनी ते केव्हाच बोलून संपवलं असेल. माझं संपलं नाही, म्हणून लिहायला बसलो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. अक्षर मात्र चांगलं आहे, कारण जन्मभर फोटोच्या पाठीवर नावं लिहीत आलो. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील त्यांनी खुशाल काढाव्यात.

शिरूर कासारच्या एस.टी. स्टँडच्या मागं माझा स्टुडिओ होता. एक खोली, मागं डार्करूम, आणि भिंतीला तळं नि हंस रंगवलेला पडदा. पहिला कॅमेरा पेटीचा होता, गळ्यात अडकवून वरून खाली बघायचा. त्याला भिंग एकच. ते बदलायचं नाही, मोठं-बारीक करायचं नाही. माणूस मोठा पाहिजे असला तर मी दोन पावलं पुढं जायचो, सगळा पाहिजे असला तर मागं सरायचो. मागं सरता सरता एकदा एका लग्नात जिलेबीच्या परातीत बसलोय. पण त्या कॅमेऱ्यानं मला एक सवय लावली. ज्याचा फोटो काढायचा त्याच्याजवळ चालत जायचं, त्याला नीट बघायचं आणि मगच बटण दाबायचं.

आमच्या भागात दसऱ्याच्या आगंमागं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. धडधाकट नवरा-बायको जातात आणि घरी म्हातारी माणसं, शेरडं आणि शाळेतली लेकरं राहतात. तर गाडी भरायच्या आधी घरच्या म्हाताऱ्यांचा एक फोटो काढून घ्यायचा, अशी रीत होती. कशासाठी ते कुणी तोंडानं बोलत नसे. "आईचा एक फोटू असावा मामा," एवढंच म्हणायचे. मीही विचारत नसे. सहा महिन्यांत कुणाचा तरी निरोप यायचाच. मग मी ती निगेटिव्ह काढून मोठी करायचो, चौकटीत बसवायचो, आणि पोरं उसाच्या फडातून येईपर्यंत फोटो तयार असायचा. हा धंदा होता, मी त्याला पुण्याचं काम म्हणत नाही. पण एवढ्या वर्षांत कुणाच्या घरात चुकीचं तोंड लावलं नाही, याचा मला गर्व होता. अजून लपवत नाही.

पुढं मोबाईल आले. स्टुडिओ बसला. गुडघेही बसले. मग मी एक बारका डिजिटल कॅमेरा घेतला, बटण दाबलं की भिंग सोंडेसारखं लांब होणारा. त्यानं माझी चाल मोडली. खुर्चीवर बसल्या बसल्या मी माणसं जवळ ओढायला लागलो. पुढं त्याचाही कंटाळा आला. म्हटलं, एकेकाचा कशाला, सगळं घर एकदाच बसवा ओट्यावर, ज्याचा लागंल त्याचं तोंड मागनं कापून काढू.

त्या वस्तीवरच्या घरात दोन म्हाताऱ्या होत्या. सख्ख्या बहिणी, दिलेल्याही सख्ख्या भावांना. म्हणजे बहिणी त्याच आणि जावाही त्याच. आमच्याकडं असं पुष्कळ असतं, त्यात नवल नाही. दोघींचे नवरे गेलेले. एका चुलीवर जेवायच्या, एकाच ताग्यातली लुगडी नेसायच्या. नाक तेच, गालाची हाडं तीच, कपाळावर हिरवं गोंदणही एकाच बाईनं एकाच दिवशी काढलेलं. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. गेल्या साली दसऱ्याच्या आधी मी त्या घराचा असा एकगठ्ठा फोटो काढला. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या.

पौषात थोरली गेली. तिचा लेक तेव्हा कर्नाटकात होता. त्याचा फोन आला.

"मामा, आई गेली. माती झाली. दहाव्याला येतोय. फोटू करून ठिवा."

"ठेवतो."

"दोघी शेजारी बसल्यात बघा त्याच्यात. डाव्या अंगाची..."

"अरे, मला शिकवतो का? तुझ्या बापाचा फोटो कुणी केला?"

"तुमीच."

"मग?"

रडत होता बिचारा. मी फोन ठेवला. ते 'डाव्या अंगाची' पुढं काय होतं ते मी ऐकलंच नाही.

संगणकावर फोटो उघडला, तोंड मोठं केलं. मोठं करावं तसं ते नासलेल्या दुधासारखं फुटत गेलं. दोन्ही तोंडं पाहिली. खरं सांगायचं तर मला तेव्हा दोन्हीतलं एकही धड दिसत नव्हतं. गेले आठ-दहा महिने उजव्या डोळ्यात मधोमध एक धुरकट ठिपका बसला होता. जिकडं बघावं तिथंच तो. कडेचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडं बघतोय तेच पुसलेलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूचं भिंग टाकलेलं, तरी त्यालाही सगळं अंधुकच, तेवढ्यावर निभावत होतो. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. फोटोवाल्यानं डोळ्याचं सांगायचं म्हणजे मग काय राहिलं? एक तोंड मला थोरलीचं वाटलं. वाटलं म्हणजे तेच, इतका माझा माझ्यावर भरवसा. कुणाला विचारायला दोन मिनिटंही लागली नसती. तेच कापलं, मोठं केलं, चौकट बसवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दहाव्याला स्वतः घेऊन गेलो.

लेक आणि भावकी सिंदफणेच्या काठी विधीला गेलती. घरी अंगणात पाट मांडला होता. कुण्या म्हाताऱ्यानं माझ्या हातातनं फोटो घेतला, कागद फाडला, पाटावर ठेवून हार घातला, कुंकू लावलं. बायका एकेक करून पाया पडायला लागल्या. दोन-तीन जणी पाया पडून उठल्या आणि एकमेकींकडं बघत राहिल्या. तेवढ्यात धाकटी घरातनं दिवा घेऊन आली. खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"ही तर मी हाय," ती म्हणाली.

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. एका बाईनं झटकन हार काढला, तो कुठं ठेवावा ते तिला कळेना, हातातच धरून उभी राहिली. मागनं लेक आला नदीवरनं, मुंडण केलेला, ओला. त्यानं फोटोकडं बघितलं, मग मावशीकडं, मग माझ्याकडं.

आणि मी त्या सगळ्यांपुढं मोठ्यानं म्हणालो, "कॅमेऱ्यानं घात केला. त्याच्या आतली, चित्र धरणारी पट्टी नखाएवढी. मोठं करायला गेलं की तोंड फिरतंय. त्यानं धाकटीचंच उचललं."

हे वाक्य मी बोललो. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

चैत्रात ती एकटी माझ्या घरी आली. जीपनं आलती. वाळली होती. ओट्यावर बसली, पाणी प्याली.

"दादा, अन्न जात न्हाई," म्हणाली. "अर्धी भाकर खाते नि बस व्हतंय."

"दवाखान्यात जा."

"गेलते. सुई दिली. दवाखान्याचं न्हाई हे." मग पदर नीट केला. "आक्कीचं दुःख हायच. पर मी जिथं जाईन तिथं बाया गप व्हत्यात. हार पडला न्हवं माझ्यावर. आन् म्या लई इचार केला. माणसानं चुकी केली आसती तर म्हणले आसते, चुकी. पर यंत्राला ना माया ना वैर. दोघी शेजारी बसल्यालो, त्यानं मलाच कावून उचललं?"

मी काय बोलायला पाहिजे होतं ते मला तेव्हाच माहीत होतं. जिभेवरही आलं होतं. पण माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती, आणि मी आयुष्यात तिच्यापुढंही चूक कबूल केलेली नाही. म्हणालो, "तो कॅमेराच हलका होता. मी मोठा आणतो. खरा. आणि दसऱ्याच्या आत तुमचा एकटीचा फोटो काढतो, म्हणजे हा दोष जाईल."

"जाईल?"

"जाईल."

ती भिंत धरून उठली आणि त्या शब्दावर गेली. तिला माझ्या शब्दाची किंमत होती. मला भीती वाटली ती त्याचीच. पाऊसकाळभर वस्तीवरनं निरोप येत राहिले. धाकटी बसून असते, धाकटी शेरडांमागं जात नाही. म्हटलं, ही दसऱ्याच्या आधी गेली तर तो हार मी घातला असं होईल. मोठ्या कॅमेऱ्याचं बोलून गेलो होतो, तर आता तो कॅमेरा आणणं भाग होतं.

बीडला माझा एक जुना शागीर्द आहे. माझ्याकडं डार्करूममध्ये शिकला. आता त्याचंही वय पन्नाशीच्या पुढं गेलंय. लग्नाचं मोठं काम करतो, ड्रोन उडवतो, जुने-नवे कॅमेरे विकतो. पोळ्यानंतर एका सकाळी एस.टी. धरून त्याच्याकडं गेलो. त्यानं गिऱ्हाईक सोडून मला खुर्ची दिली.

"बोला वस्ताद. आज कसं काय?"

"कॅमेरा पाहिजे. आतली पट्टी जुन्या निगेटिव्हच्या घराएवढी पाहिजे, नखाएवढी नको. आणि भिंग एकच. सोंडवाला नको."

तो हसला. "फुल फ्रेम आन् फिक्स भिंग. वर बारका पायजे आसंल, गळ्यात जड न होणारा?"

"हो."

"वस्ताद, आख्ख्या जिल्ह्यात असा कॅमेरा मागणारे तुमी पयलेच. लोक मला म्हणतेत, चंद्र दिसंल असा झूम द्या."

"चंद्राचा फोटो भिंतीला कोण लावतंय?"

त्यानं आतनं दोन कॅमेरे आणले. दोन्ही मुठीत मावतील एवढे. किमती सांगितल्या. त्या इथं लिहीत नाही. पुढं एका रात्री माझ्या लेकाला पुण्याला फोन करून सांगितल्या तर त्याला वाटलं मी गाडीबद्दल बोलतोय. एक नवा होता, अठ्ठावीसच्या भिंगाचा. दुसरा कुणा डॉक्टरानं वापरून विकलेला, पस्तीसच्या भिंगाचा. आकडा जितका लहान तितकं एका जागेवरनं जास्त मावतं, हे मला पहिल्यापासून ठाऊक.

"हा अठ्ठावीस घ्या," शागीर्द म्हणाला. "वस्तीवरच्या बारक्या खोलीतबी सगळं घर बसतंय. आन् पट्टी एवढी मोठी हाय की मागनं कितीबी कापा, तोंड फुटत न्हाई."

"कापायचं नाव काढू नकोस."

माझा आवाज चढला असावा. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. त्यानं काही विचारलं नाही. बीडपर्यंत बातमी आली होती की काय, मला माहीत नाही.

मी अठ्ठावीस हातात घेतला, त्याच्या खिडकीला डोळा लावला. पूर्वी काचेतनं माणूस दिसायचा, इथं माणसाचं टीव्हीसारखं चित्र दिसतं. शागीर्दाला दारात उभं केलं. त्याचं तोंड चौकटीत भरावं म्हणून पुढं गेलो, एवढा पुढं की त्याच्या मिशीचा वास यावा. बटण दाबलं. पडद्यावर बघतो तर त्याचं नाक भोपळ्यासारखं पुढं आणि कान मागं पळालेले.

"असा फोटो मी मेलेल्या माणसाच्या घरात देऊ?"

"मागं सरून काढा न् कापा... बरं, न्हाई कापत. मंग पस्तीस बघा."

पस्तीस घेतला. त्याची खिडकी टपालपेटीच्या झाकणासारखी वरनं उघडायची. त्यानं चालत जायला जागा दिली. चार पावलांवरनं माणूस बसलेला सगळा आला, तोंड आलं, छाती आली आणि मांडीवर ठेवलेले हात आले.

हात. थोरलीच्या डाव्या हाताचं मधलं बोट पेराजवळ तुटलेलं होतं. तरुणपणी फडात कोयता लागलेला. सगळ्या वस्तीला ठाऊक, मलाही ठाऊक. ज्या फोटोतनं मी धाकटीचं तोंड कापून घेतलं, त्यातच दोघींचे हात मांडीवर उघडे होते. ते तुटलेलं बोट तिथं होतं. मी नुसती तोंडं बघत बसलो आणि हात कापून टाकले. दुकानात हातातला कॅमेरा धरून मला हे सुचलं. दहाव्याला सुचलं नाही, आठ महिन्यांत सुचलं नाही.

"वस्ताद, काय झालं?"

"काही नाही. तू बस खुर्चीवर. हात मांडीवर ठेव. मी माझ्या हातानं जुळवतो."

भिंगाच्या कड्यावर बोट ठेवून पूर्वीसारखं जुळवायला लागलो. धुरकट ठिपका त्याच्या तोंडावर आला. डोकं जरा तिरकं केलं, ठिपकाही आला बरोबर. जिथं बरं वाटलं तिथं दाबलं. त्यानं तो फोटो मोठ्या पडद्यावर लावला. त्याच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर असं स्वच्छ आलं होतं की एकादशी वाचावी. त्याचं तोंड मात्र मेणासारखं वितळलेलं.

डार्करूममध्ये असताना मी त्याला एका अंधुक प्रिंटसाठी कानफटात मारली होती, ते त्यालाही आठवत असणार. तो हळू म्हणाला, "कवापासून दिसंना?"

"दिसतंय मला."

"वस्ताद."

"दीड वर्ष झालं असंल."

"डॉक्टरला दावलं?"

"डॉक्टर काय भिंग बदलून देणार आहे?"

त्यानं माझ्या हातातनं कॅमेरा घेतला, एक-दोन बटणं दाबली आणि परत दिला. खिडकीत बघितलं तर त्याच्या तोंडावर एक बारका हिरवा चौकोन नाचत होता.

"आता ह्यो सोताच डोळा धरतोय."

"कुणाचा?"

"म्होरच्याचा."

"आणि दोघं शेजारी बसले असले तर?"

"एकाचा धरंल. जवळच्याचा, न्हाईतर त्याला वाटंल त्याचा."

"मग मी काय धरू?"

"तुमी कॅमेरा धरा," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो.

आणखी एक गोष्ट. त्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता. माणूस फोटोला बसला की श्वास धरून बसतो, खटका ऐकला की सोडतो. म्हातारी माणसं तर हमखास. दुकानात एक बाई फोटो बघायला आलती, तिचा काढला, तर ती गाल फुगवून बसूनच राहिली. "झाला का वं?" तिनं दम कोंडून विचारलं. मी शागीर्दाला म्हटलं, ह्याला आवाज पाहिजे. त्यानं आतनं एक खोटा खटका लावून दिला. खोटा तर खोटा.

पस्तीस घेतला. स्टुडिओतले दिवे, त्यांच्या छत्र्या, जुना मोठा कॅमेरा, होतं ते सगळं त्यानं नंतर घेऊन जायचं ठरलं, वर थोडे पैसे घातले. परतीच्या एस.टी.त पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. एवढी चांगली वस्तू आयुष्यात माझ्या मांडीवर कधी नव्हती आणि माझं मन एवढं वंगाळ कधी झालं नव्हतं. घेताना मला पुरतं कळून चुकलं होतं की आधीच्या कॅमेऱ्यानं काहीच केलं नव्हतं. त्यानं दोघींची तोंडं आणि चारी हात जसेच्या तसे दिले होते.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी वस्तीवर गेलो. टोळीचा ट्रक उभा होता. पत्रे, बांबू, भांडी, पाण्याची पिंपं चढत होती. लेक दोऱ्या आवळत होता. मला बघून त्यानं रामराम घातला, पण जवळ आला नाही. धाकटी ओट्यावर बसली होती. नवं लुगडं नेसून, केस विंचरून, सकाळपासून बसली होती म्हणे. मी चैत्रात पाहिली त्याच्या निम्मी राहिली होती.

"आणला का दादा?"

"आणला."

"दावा."

मी कॅमेरा तिच्या हातात दिला. तिनं तो उलटापालटा केला, अंड्यासारखा सांभाळून.

"मोठा मोठा म्हणताव, ह्यो तर बारकाच हाय."

"आतनं मोठा आहे."

"ह्यो तरी चुकायचा न्हाई न्हवं?" तिनं विचारलं. "का ह्योबी मलाच उचलंल?"

तिथं तिच्याशिवाय दुसरं कुणी उचलायला नव्हतंच. तिलाही ते कळत होतं. तरी तिनं कॅमेरा अंगापासनं लांब धरला होता. यंत्राला ती भीत होती, आणि ती भीती मी तिला घातली होती. चार पावलं मागं जाऊन कॅमेरा डोळ्याला लावला असता तर सगळं भागलं असतं. ती फोटो घेऊन गेली असती आणि मी शब्द पाळणारा म्हणून घरी गेलो असतो. मी कॅमेरा घेऊन चार पावलं गेलोही. मग परत आलो आणि कॅमेरा दोघांच्या मध्ये ठेवून तिच्या शेजारी ओट्यावर बसलो.

"बाई, त्या कॅमेऱ्याची चूक नव्हती."

"मंग?"

"मला दिसत नाही. दीड वर्षापासनं. थोरलीच्या लेकानं फोनवर सांगायला घेतलं होतं, मी ऐकून घेतलं नाही. अंदाजानं तोंड कापलं. थोरलीचं तुटकं बोट फोटोत होतं, तेसुद्धा बघितलं नाही. यंत्रानं कुणाला उचललं नाही. मी उचललं, आंधळ्यानं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं तर तिथं ठिपकाच होता. तिला राग आला की काय झालं, मला दिसेना. आवाजावरनं कळलं.

"तवाच कावून न्हाई बोलला?"

"बोललो नाही."

"म्या तुमच्या वट्यावर येऊन ईचारलं. तवाबी न्हाई बोलला."

"नाही."

"तवापासनं सा महिनं म्या अर्धी भाकर खाल्ली, दादा. रोज सकाळी उठून बघायची, हाय का गेले." तिनं कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला. "मला एकटीला सांगून काय उपेग? तवा समद्यांम्होरं बोलला व्हता. जावा, समद्यांम्होरं सांगा."

ट्रकजवळ पंधरा-वीस माणसं असतील. त्यांतली निम्मी दहाव्याला होती. तिथपर्यंत दहा-बारा पावलं असतील. ती चालताना मला माझ्या गुडघ्यांची याद आली, तहान लागली, परतीच्या जीपची वेळ आठवली, जे जे आठवायला नको ते सगळं आठवलं. मी लेकाच्या जवळ गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, "दहाव्याला मी खोटं बोललो. कॅमेरा चांगला होता. मला दिसत नाही. चूक माझी."

मला वाटलं होतं, सगळं थांबेल. काही थांबलं नाही. वर उभा असलेला एक गडी म्हणाला, "मामा, बाजूला व्हा, पिंप येतंय." एका बाईनं दुसरीला काहीतरी सांगितलं आणि दोघी ओट्याकडं बघायला लागल्या. एक तरणा गडी हसून म्हणाला, "म्हाताऱ्या, मंग आता फोटू काढायला कावून आलास रं?" त्याला कुणीतरी दटावलं. लेकानं दोरीची गाठ पुरी केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "डाव्या अंगाची, असं सांगत व्हतो मी तुमाला." दुसऱ्या बाजूची दोरी आवळायला गेला.

मी ओट्याकडं परत आलो. धाकटी उठून उभी होती. काठी घेतली होती, शेरडं सोडत होती.

"बसा," मी म्हटलं. "फोटो काढू."

"कशाला?"

"शब्द दिला होता मी."

"दोष लागला आसंल म्हणून फोटू पायजे व्हता. दोष न्हवताच न्हवं?" तिनं शेरडाच्या गळ्यातली दोरी सोडली. "मंग आता फोटू कशाला? मला काय झालंय?"

"बाई, एक तरी..."

"घरात माझा एक हाय की. चौकट बसवल्याला. तुमीच केल्याला." एवढं बोलून ती शेरडांमागं निघाली. चैत्रात जी ओट्यावरनं उठताना भिंत धरत होती, ती काठी आपटत, शेरडांना शिव्या देत बांधावरनं गेली. मी ते कडेच्या नजरेनं पाहिलं, कारण तेवढंच मला नीट दिसतं.

जीपला अजून तास होता. मी तिच्या ओट्यावर कॅमेरा मांडीवर घेऊन बसून राहिलो. ट्रक भरून झाला, माणसं जेवायला गेली. त्या घरच्या सुनेनं दोनदा माझ्यापुढनं घागर नेली. पाणी कुणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही.